ओमाहाचा क्लास: दोन शनिवार, बाराशे रुपये

माझी लेक-जावई अमेरिकेत एडिसनला राहतात आणि त्यांच्या घरी दर शुक्रवारी रात्री पत्त्यांचा अड्डा जमतो. गेल्या खेपेला मी तीन महिने तिथे नुसती कॉफी करून दिली. मे महिन्यात पुन्हा जायचंय. या वेळी ओट्यापाशी उभं राहायचं नाही, टेबलाशी बसायचं, असं ठरवून टाकलंय. ती मंडळी ओमाहा खेळतात. पोकरच, फक्त हातात दोनऐवजी चार पानं. आणि गोखले रोडवरून भाजी घेऊन येताना एका बोर्डगेम कॅफेबाहेर पाटी दिसली, ‘ओमाहा आणि हाय-लो, अगदी पहिल्यापासून’. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

पहिला मजला, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा. पैशाचा खेळ मात्र अजिबात नाही, हे मी जिन्यातच विचारून घेतलं. प्रत्येकाला २०० चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी चकत्या मिळतात, जाताना मोजून परत. (ऑनलाइन पैसे लावून खेळायचे धंदे तर २०२५च्या केंद्राच्या कायद्याने बंदच केलेत.)

शिकवणारा मुलगा असेल पंचविशीचा. मला पहिल्या मिनिटापासून ‘काकू’, बाकीच्यांना ‘ब्रो’. पण शिकवायची हातोटी आहे त्याच्याकडे. ओमाहाचा सगळा जीव एका नियमात आहे: हातातली दोनच पानं घ्यायची आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघड मांडलेल्या पाचांतली तीनच. कमी नाही, जास्त नाही. त्याने हे फळ्यावर लिहिलं नाही, आम्हाला चुकू दिलं.

माझीच गंमत सांगते. टेबलावर बदामचा राजा, नव्वी, सत्ती, दुर्री आणि एक इस्पिकची पंजी. माझ्या हातात बदामचा एक्का, दोन दश्श्या आणि किलवरची छक्की. बदामचं बाकी एकही पान नाही. कलर म्हणजे पाचही पानं एकाच चिन्हाची, इथे बदामची. मी आपली ‘एक्क्याचा कलर!’ म्हणून चिप्स ओढायला हात पुढे केला. तो काही बोलला नाही. टेबलावरची तीन बदाम त्याने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, ‘‘काकू, आता हातातली दोन ठेवा.’’ एक्का ठेवला. दुसरं बदाम आणू कुठून? उरली दश्श्यांची जोडी. समोरच्या कॉलेजच्या पोराकडे बदामची तिर्री आणि अठ्ठी, म्हणजे कलर त्याचा. माझा एक्का हातात तसाच राहिला. तेव्हापासून हा नियम विसरलेले नाही.

मग त्याने विचारलं, चारही एक्के हातात आले तर? सगळे खूश. तर तो हात भिकार निघाला! वापरता येणार दोनच, आणि उरलेले दोन आपल्याच मुठीत अडकलेले, म्हणजे टेबलावर तिसरा एक्का येण्याची आशाच संपली.

तीन पत्ती खेळलेल्यांना इथे दोनदा ठेच लागते. आपल्याकडे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. आणि ‘ब्लाइंड’ म्हणजे पानं न बघता खेळणं नव्हे. पानं वाटायच्या आधीच दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, त्यांना ब्लाइंड म्हणतात. शिवाय गणपतीच्या जागरणाला एका जोडीवर डाव मारता येतो, इथे जोडीला कुणी हिंग लावून विचारत नाही. चार पानांतून दोन उचलायचे सहा प्रकार होतात, त्यामुळे कुणाकडे तरी काहीतरी मोठं निघतंच.

आता कुरकुर. आम्ही अकरा जण आणि टेबल एक. चार-चार पानं म्हणजे ४४, मधली ५, डीलर बाजूला टाकतो ती ३. झाली ५२! कॅटमध्ये एक पान शिल्लक नाही. खेळ बसतो कसाबसा, पण कोपरं बसत नाहीत. बाजूच्या टेबलावर दर पाच मिनिटांनी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा कोसळत होता, ते वेगळंच.

पॉट-लिमिटचा, म्हणजे मधल्या ढिगाएवढंच वाढवायच्या मर्यादेचा हिशोब मास्तरांना नीट सांगता आला नाही, मोबाइलमध्ये सूत्र शोधत बसला. मी २३ वर्षं बँकेत कॅशला होते, मला राहवेना. म्हटलं, अरे, सोपं आहे. मध्ये १००, समोरच्याने ५० लावले. आधी त्याचे ५० भर, ढीग झाला २००. तेवढेच वर वाढवता येतात. म्हणजे जास्तीत जास्त २५० पुढे कर. टाळ्या पडल्या. फीमध्ये सूट नाही मिळाली.

खरा राग हाय-लोचा आहे. त्यात ढिगाचे दोन वाटे होतात: अर्धा सर्वांत मोठ्या हाताला, अर्धा सर्वांत लहान हाताला. लहान हातात पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा तिच्या खालची हवीत, एक्का तिथे लहान धरतात. कुणाचाच तसा हात बसला नाही तर मोठा हात सगळं नेतो. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं हे प्रकरण दुसऱ्या शनिवारी शेवटच्या १५ मिनिटांत उरकलं, तेही त्या दिवशी क्लास ४० मिनिटं उशिरा सुरू होऊन. वेटर टेबल पुसायला येऊन उभा!

कोल्ड कॉफी बरी, सक्तीची आहे मात्र. तिचे पैसे वेगळे.

नुसत्या ओमाहासाठी जरूर जा, चष्मा घेऊन जा. हाय-लोसाठी मी परत फी भरणार नाही, तो खेळ आता घरीच शिकणं चाललंय. चिप्स म्हणून चिंचोके घेतलेत. आमचे हे अजून हातातलं तिसरं पान हळूच पुढे सरकवतात आणि वर म्हणतात, ‘‘जावयाकडे चालत असेल.’’