इंगलनूक शंटिंग लेआउट: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

मॉडेल रेल्वेची गाडी गोल गोल फिरवायला आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात फार वेळ मन रमतही नाही. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एचओ स्केलचा, म्हणजे 1:87 चा, छोटा शंटिंग लेआउट घेतला, म्हणजे इंजिनाने डबे पुढे-मागे करून हव्या त्या क्रमाने जोडायचा रुळांचा देखावा. दीड मीटर लांब, फूटभर रुंद. पुस्तकांच्या कपाटावर आरामात बसतो. आराखडा ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलरचा, 'इंगलनूक सायडिंग्ज' नावाने ओळखला जाणारा.

खेळ असा. दोन सांधे (गाडीचा रूळ बदलण्याच्या जागा), तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी (मालगाडीचे डबे) मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढच्या मोकळ्या रुळावर इंजिन आणि तीनच वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. आठातून पाच क्रमाने काढायच्या म्हणजे 6720 वेगवेगळ्या गाड्या होतात, त्यामुळे तेच ते होत नाही. अमेरिकेत जॉन ॲलनचा 'टाइमसेव्हर' हा असाच शंटिंगचा खेळ गाजला, पण तिथे सगळी घड्याळाशी शर्यत. शंटिंगमध्ये घाई कसली?

आपल्या रेल्वेत शंटिंगचा वेग साधारणपणे ताशी 15 किलोमीटरच्या वर नेत नाहीत. 1:87 मध्ये हिशेब केला तर एक मीटर कापायला जवळपास 21 सेकंद लागले पाहिजेत. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून हे एकदा करून बघा. गोल रुळावर झोकात पळणारी इंजिनं या वेगाला आचके द्यायला लागतात. माझं इंजिन जर्मन व्ही 60 धर्तीचं, तीन आसांचं (ॲक्सलचं), लांबीला वीतभरसुद्धा नाही. दिसायला देखणं, पण सांध्यावर आलं की ठप्प. कारण सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा, त्यात वीज नाही. वेगात असताना तेवढं अंतर निभावून जातं, रांगताना नाही. शेवटी दोन्ही सांधे काढून धातूच्या, वीज खेळणाऱ्या फ्रॉगचे बसवले आणि सांधा फिरेल तशी फ्रॉगची पोलॅरिटी, म्हणजे त्याला कोणत्या रुळाची वीज मिळते ते, बदलणारा स्विच जोडला. त्यानंतर कुरकुर नाही. डीसीसी डिकोडरमध्ये, म्हणजे इंजिनातल्या डिजिटल नियंत्रणाच्या चिपमध्ये, सीव्ही 2 (सुरुवातीच्या विजेची सेटिंग) थोडा वाढवला, म्हणजे पहिल्या पायरीलाच इंजिन हलतं. सीव्ही 3 आणि 4 (वेग किती हळू वाढावा आणि कमी व्हावा याच्या सेटिंग) मात्र मी जवळजवळ शून्यावर ठेवलेत. गाडीला जडपणा आलेला बघायला छान वाटतो, पण बोटभर अंतर उरलेलं असताना इंजिन सांगितलं तिथेच थांबायला हवं.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी कपलिंगची, म्हणजे डबे जोडण्या-सोडवण्याची. वाघिणींना एनईएम 362 या युरोपीय मानकाची, कपलर बसवायची खाच होती, त्यात चुंबकाने सुटणारे, पंजाच्या आकाराचे नकल कपलर बसवले. रुळांच्या मधोमध चुंबक. जोड त्याच्यावर आणून थांबायचं, किंचित मागे रेटून ताण सोडायचा, की दोन्ही कपलरच्या खाली लोंबणाऱ्या तारा बाजूला ओढल्या जातात आणि पंजे उघडतात. मग जरा पुढे होऊन पुन्हा मागे रेटलं की पंजे एकमेकांत न अडकता नुसते टेकतात, आणि वाघीण चुंबकापासून लांब हवी तिथे ढकलून ठेवता येते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा घरच्यांना बोलावून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

पण वाघिणींची चाकं लोखंडी आसांची निघाली. चुंबकाजवळ आली की वाघीण आपोआप पुढे सरकायची, ताण सुटायचा, आणि नको तिथे गाडी तुटायची. विक्रेत्याला विचारलं तर 'आमच्याकडे अशी तक्रार कधी आली नाही' हे ठरलेलं उत्तर. आस पितळेचे घातल्यावर प्रश्न मिटला. दुसरी अडचण वजनाची. साडेअकरा सेंटीमीटरच्या वाघिणीचं वजन एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 90 ग्रॅमच्या आसपास हवं. माझ्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. इंजिन टेकलं की जोडल्या जाण्याऐवजी पळत सुटायच्या. टायरच्या दुकानात चाक बॅलन्सिंगसाठी 5-5 ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या पोटाखाली लावल्या. यासाठी हॉबी शॉपकडून महागडी वजनं मागवू नका.

शेजारचे काका दौंडच्या रेल्वे यार्डात शंटर, म्हणजे शंटिंग करणारे कर्मचारी होते. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांना झाडं, शेड, रंगकाम काही दिसलं नाही. "अरे, फाउलिंग मार्क कुठंय तुझा?" एवढंच विचारलं. दोन रूळ जिथे इतके जवळ येतात की शेजारच्या गाडीला घासेल, त्याच्या अलीकडची ती खूण. तोवर सायडिंगमध्ये पाच वाघिणी 'मावतात' म्हणजे कशाबशा मावतात, असं चाललं होतं. पाचवीचा कोपरा बाजूच्या रुळावरच्या इंजिनाला लागायचा. पांढरा रंग दिलेली काडी रुळांमध्ये चिकटवली, आणि त्या खुणेच्या आत सगळं बसवताना कोडं एकदम कठीण झालं. हल्ली काका खुर्ची ओढून बसतात. मी जोरात टेकवलं की म्हणतात, "जोडायला निघालास का ठोकर मारायला?"

पावसाळ्यात निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन आठवड्यातून एकदा फिरवलं की पुरतं. प्लायवुडची मागची कड दमटपणाने फुगली होती, कारण बनवणाऱ्याने कडांना वॉर्निश लावलंच नव्हतं. लेआउट घरी आल्या आल्या कडा आधी बंद करा. सीनरीबद्दल विशेष काही नाही, जेवढी मिळाली तेवढी आहे.

घ्यावा का? गाडी पळताना बघायची हौस असेल तर नको. त्यापेक्षा कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. विचार करत, हळूहळू खेळायचं असेल तर जरूर घ्या, पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: फ्रॉग कशाचा आहे, आस कशाचे आहेत, आणि इंजिन सांध्यावर रांगताना दाखवाल का. शेवटच्याला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा. चुंबकसुद्धा एकच पुरे, दोन्ही सांध्यांच्या आधी, मोकळ्या रुळावर. माझ्या तिसऱ्या सायडिंगमधला मी काढून टाकला. तिथे आता बांबूची काडी घालून हातानेच जोड सोडवतो.