सत्तर मिनिटं रांग, मग भरीत

चंपाषष्ठी उलटली की आमच्याकडे 'जेवायला या' असं कुणी म्हणत नाही, 'भरिताला या' म्हणतात. त्यामुळे भाच्याने मोबाइलवर रील दाखवून "आत्या, या रविवारी इथंच जायचं" म्हटलं तेव्हा मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. भुसावळहून यावलकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. शेताच्या कडेला पत्र्याची शेड, बसायला बाजा, आणि अगदी समोर कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवट-पांढरी लांबट वांगी. नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आम्ही सत्तर मिनिटं उभे होतो. घड्याळ लावून सांगते. शेजारच्याच मळ्यात दुसरं भरीत सेंटर होतं. त्याचा मालक एकटाच खुर्ची टाकून बसला होता. रांगेतल्या प्रत्येकाने एकदा तरी त्याच्याकडे बघितलं, आणि एकही हलला नाही. मीसुद्धा नाही. आणि मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते! न्यूयॉर्कच्या फुटपाथवर स्टॅनली मिलग्रॅमने माणसं उभी करून समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याकडे बघायला लावली होती, तो १९६९ साली छापून आलेला प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढते. एकच माणूस वर बघत असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी शंभरातले चार थांबले, पंधरा जण बघत असतील तर चाळीस. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतंच. रिकाम्या हॉटेलात जेवण वाईट असणार हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? त्या मोकळ्या खुर्च्यांनी.

ताट आलं. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, मुळा, ठेचा. पहिला घास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, धुराचा वास काय उतरलाय!" भाचा समोरून शूटिंग करत होता, ते मला उशिरा दिसलं. रात्री ती रील गेली. खाली पहिल्या तीन-चार कमेंटी 'काकू बरोबर बोलल्या, धूर' अशा पडल्या आणि मग सगळ्यांनाच धूर लागायला लागला, अगदी पुण्यात बसून. २०१३ सालचा एक अभ्यास आहे: एका बातम्यांच्या साइटवर काही कमेंटींना सुरुवातीलाच एक खोटी पसंती देऊन ठेवली, तर त्यांचे शेवटचे गुण सरासरी पंचवीस टक्क्यांनी वर गेले. इथे ती पहिली पसंती माझ्या तोंडून गेली होती.

मी त्याच रात्री पाच स्टार देणार होते. पण सत्तर मिनिटं उभं राहिलेल्या बाईच्या स्टारवर माझाच विश्वास बसेना. ॲरन्सन आणि मिल्स यांनी १९५९ मध्ये काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेण्याआधी नको नको ते शब्द मोठ्याने वाचायला लावले, आणि मग मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. ज्यांना जास्त लाजिरवाणं वाचावं लागलं, त्यांनाच ती चर्चा जास्त आवडली. एवढं सोसलं म्हणजे फुकट कसं जाईल? म्हणून मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीला घेऊन परत गेले.

दुपारचे तीन, रांग नाही, समोरचा जाळ विझलेला. हात धुवायला मागे गेले तर तिथे गॅसची मोठी शेगडी, त्यावर जाळी, जाळीवर वांगी. मालकाला विचारलं. बिचारा खोटं बोलला नाही. "ताई, रविवारी येवढं भरीत काड्यांवर कसं होईन? समोरची वांगी शूटिंगवाल्यांसाठी. ताटातलं रोजचंच गॅसवरचं."

म्हणजे रविवारी मी जो धूर चाखला, तो डोळ्यांनी चाखला. बोर्दोमध्ये वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा निबंध २००१ साली आला. वर्गात हे सांगताना मी दरवर्षी हसते. यंदा जरा बेताने हसेन.

आता जेवणाबद्दल. गॅसवरचं म्हणून भरीत वाईट नाही हो! वांगं बिनबियांचं, लाकडी मुसळीने नीट ठेचलेलं, मिक्सरचा लगदा नाही. हिरवी मिरची लसणासोबत कुटलेली, शेंगदाणे तेलात अख्खे तळलेले, खोबऱ्याचे काप पातळ. देठ ठेवलाय, तो चोखायची मजा वेगळी. तेल मात्र रविवारी ताटाच्या काठापर्यंत आलं होतं, मंगळवारी बेताचं होतं. पुऱ्या रविवारी गार, मंगळवारी तव्यासारख्या गरम. शेवभाजी मागवू नका, नुसतं तिखट पाणी आहे. ताट १८० रुपयांना, पुरी वाढवून देतात. माझे साडेतीन स्टार, मंगळवारचे. शेजारच्या मळ्यातलं अजून खाल्लेलं नाही, तिथे पुढच्या आठवड्यात.

भाच्याला रील काढ म्हटलं. तर म्हणतो, "आत्या, चाळीस हजार व्ह्यू झाले, आता कशी काढू?"

मंगळवारी आम्ही उठत होतो तेवढ्यात चोपड्याकडचं एक कुटुंब गाडीतून उतरलं. त्यातल्या वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसून म्हणाल्या, "तुम्ही त्या धुरवाल्या काकू ना? तुमचं बघूनच आलो." मालक काउंटरवरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. पुऱ्या गरम मागून घ्या."