वाफेची इस्त्री: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका दुकानातून मी दिवाळीपूर्वी १६०० वॅटची वाफेची इस्त्री साधारण १,९०० रुपयांना घेतली. मुलांचे गणवेश, यजमानांचे सुती शर्ट आणि माझ्या साड्या हे सगळे काम गेले आठ महिने तिच्यावरच चालले आहे. कपड्यांपुरते बोलायचे तर तक्रारीला जागा नाही. कांजी केलेली साडीसुद्धा पाणी न शिंपडता सरळ होते. हा अभिप्राय मी लिहीत आहे तो मात्र दुसऱ्याच महिन्यात माझ्या डाव्या मनगटावर उठलेल्या फोडामुळे.

त्या दिवशी नायलॉनच्या ओढणीसाठी मी तापमानाचे बटण एका ठिपक्यावर, म्हणजे सर्वांत कमी उष्णतेवर आणले होते, पण वाफ बंद करायची राहिली. तेवढ्या उष्णतेत पाण्याची पुरती वाफ होत नाही आणि ते तळाच्या छिद्रांतून कढतच बाहेर उडते. हे गळणे रोखण्याची सोय काही इस्त्र्यांमध्ये असते. हिच्यात ती नाही, आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नाही, ही मला अक्षम्य उणीव वाटते. आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षार छिद्रांत साचल्यावर तर पुरेशा तापमानालाही पिचकारी उडू लागली. वाफेचा चटकाही साधा समजू नये, कारण कातडीवर वाफेचे पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता तिथेच उतरते. सासूबाई काळजीने टूथपेस्ट घेऊन आल्या होत्या. मी ती लावू दिली नाही, आधी बांगड्या उतरवल्या आणि हात वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला. बर्फही लावला नाही. फोड न फोडता तसाच ठेवल्यामुळे आज तिथे फिकट डागापलीकडे काही उरलेले नाही.

दुसरी गोष्ट प्लगची. ही इस्त्री जवळपास ७ ॲम्पिअर प्रवाह ओढते, म्हणून तिला जाड पिनांचा प्लग दिला आहे, आणि तो गीझरसारख्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्येच लावायला हवा. दुकानदाराने मात्र तो साध्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून एक कन्व्हर्टर आपणहून हातावर ठेवला. तो मी वापरलेला नाही आणि कुणीही वापरू नये, कारण अशा जोडणीत सॉकेट तापून वितळू शकते. तळ धातूचा असल्याने तिसऱ्या पिनेचे अर्थिंग नीट जोडलेले असणे हीच शॉकपासूनची मुख्य राखण आहे. २०१९ च्या महापुरात ज्या घरांत सॉकेटपर्यंत पाणी चढले होते, त्यांनी तरी वायरमनकडून ते अवश्य तपासून घ्यावे.

वजनाला ती साध्या इस्त्रीपेक्षा जड आहे. जमिनीवर चादर अंथरून, वाकून दहा कपडे केले की माझी कंबर भरून येत असे. कोपराच्या किंचित खाली येईल एवढ्या उंचीच्या टेबलावर काम सुरू केल्यापासून तो त्रास थांबला.

मोठ्या माणसांच्या घरात, गाळलेले कमी क्षारांचे पाणी घालून आणि ठिपक्यांकडे लक्ष ठेवून ही इस्त्री वापरता येईल. पण ती उभी ठेवल्यावर डळमळते, विसरल्यास आपोआप बंद होत नाही आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका बसण्याइतकी गरम राहते. घरात रांगते मूल असेल, तर ही इस्त्री घ्या असे मी कुणालाही सांगणार नाही.