रात्रीच्या जिताड्यासाठी साडेसात फुटी रॉड आणि 4000 चं रील: आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरात घेतलेला मासे गरवायचा सेट आता पावसाळ्यासाठी धुऊन-पुसून भिंतीला टांगलाय, म्हणून निवांत लिहायला बसलो. साडेसात फुटी मीडियम-हेवी स्पिनिंग रॉड, 15 ते 40 ग्रॅमच्या ल्यूरसाठीचा (ल्यूर म्हणजे खोटं आमिष). 4000 साइजचं रील, त्यावर 30 पौंडी आठपदरी ब्रेड (विणलेली लाइन), आणि लाल उजेडाचा हेडलॅम्प. सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आत बसलं. महिन्याला चार-पाच रात्री, सगळ्या कुंडलिकेच्या खाडीत, रेवदंड्याच्या वरच्या अंगाला. नेमकी जागा सांगत नाही, तिथे वर्षानुवर्षं गरवणाऱ्यांना ते आवडणार नाही.

मासा म्हणजे जिताडा. बाहेरच्या देशांत बारामुंडी किंवा एशियन सी बास म्हणतात तोच. हा मासा लांबून पाठलाग करत येत नाही, आडोशाला दबा धरून बसतो. दिव्याच्या उजेडात जेटीची सावली पाण्यावर जिथे कापल्यासारखी पडते, तिथे अंधाराच्या बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून तो थांबलेला असतो. ल्यूर त्याच्यापासून तीन हात लांब पडला तर तो ढुंकून बघत नाही, आणि डोक्यावर आदळला तर पुढचा अर्धा तास वाया. त्यामुळे हा रॉड किती लांब फेकतो हे मी मोजलंच नाही. काळोखात हवं तिथे पडतं का, एवढंच बघितलं.

आधी माझ्याकडे किनाऱ्यावरून लांब फेकायचा नऊ फुटी रॉड होता. समुद्रावर तो उत्तम, पण जेटीवर मागे जागा नाही, वर दिव्याची तार, आणि लांब टोक सुटताना इतकं हेलकावतं की ल्यूर कधी डावीकडे जाईल, कधी उजवीकडे. साडेसात फुटी रॉडचं टोक लवकर शांत होतं. फेक डोक्यावरूनच करायची आणि रॉड घड्याळातल्या दहाच्या आकड्यावर थांबवायचा. बाजूने फेकलं की सोडायच्या क्षणात जरासा फरक पडला तरी दिशा चुकते, आणि रात्री ती चूक दिसतही नाही.

खरा फरक पडला तो दिवसा माप घ्यायला लागल्यापासून. माझं रील हँडलच्या एका फेऱ्याला साधारण 88 सेंटिमीटर लाइन ओढतं. दुपारी जाऊन पाण्यातल्या खांबाच्या अगदी कडेला ल्यूर टाकला आणि फेरे मोजत परत आणला. 31 भरले, म्हणजे सत्तावीस मीटर. मग 25 मीटरवर ब्रेडला शिलाईच्या साध्या दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे देऊन गाठ मारली. रात्री फेकल्यावर डाव्या हाताची तर्जनी स्पूलच्या, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या चकतीच्या, कडेला हलकी टेकवून ठेवतो. लाइन सुटत असते, बोटाला नुसती गुदगुली होते, आणि मग एकदाच टिक लागतं. तो दोरा. तिथून बोट हळूहळू दाबत आणायचं. ल्यूर हवेतच मंद होतो, लाइन सरळ होते आणि तो दगडासारखा न आपटता अलगद उतरतो. पहिला महिना मला ते टिक कळायचंच नाही. डिसेंबरनंतर ते न शोधता कळायला लागलं.

पुष्कळ जण यासाठी स्पूलवरच्या क्लिपमध्ये लाइन अडकवतात. जिताड्याला ते करू नका. मोठा मासा पहिल्याच झेपेत लाइन ओढत नेतो आणि क्लिपपाशी ती तटकन तुटते. दोरा गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, निघून जातो. मात्र लीडर (ल्यूरच्या आधीचा जाड लाइनचा तुकडा) कापून नवा बांधला की माप हलतं. मी दर वेळी ल्यूरपासून वावाने मोजून घेतो, आणि तीन-चार रात्रींनी दोरा झिजला की नवा बांधतो.

अंतराचं झालं, राहिली दिशा. जेटीवर दोर बांधायचा एक लोखंडी खुंटा आहे. उजवी टाच त्याला टेकवायची आणि डावं पाऊल सिमेंटच्या सांध्यावर ठेवायचं. अंग रोज त्याच कोनात राहतं. नेम पाण्यावर धरायचा नाही, पाणी सगळीकडे सारखंच काळं. पलीकडच्या काठावर आभाळाला लागून दोन सुरूचे शेंडे दिसतात, त्यांच्या मधल्या फटीवर रॉडचं टोक थांबवायचं. शेंडे अंधुक वाटले तर सरळ न बघता किंचित बाजूला बघावं, अंधारात डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेला जास्त दिसतं.

याच जेटीवर पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे एक आजोबा येतात. नोव्हेंबरात मी एकामागून एक फेकत होतो, तेव्हा ते शेजारी येऊन म्हणाले, "आदी पानी आयक." मी थांबलो. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी खांबाला फुटताना वेगळं वाजत होतं, आणि त्याच्या मागे एक गप्प जागा होती. त्या दिवसापासून पहिली पाच मिनिटं मी रॉड हातातच घेत नाही.

हेडलॅम्पवर माझा राग आहे. लाल उजेड छान, गाठी बांधायला पुरेसा. पण बटण एकच, आणि आधी पांढरा झगझगीत दिवा लागतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर लाल. डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि हा दिवा एका क्षणात ते सगळं पुसून टाकतो. शिवाय पाण्यावर झोत पडतो तो वेगळाच. आता पांढऱ्या भागावर काळी चिकटपट्टी लावलीये. घेणाऱ्यांनी लाल दिव्याला वेगळं बटण आहे का, एवढं दुकानातच तपासावं.

रीलबद्दल तक्रार थोडी. चौथ्या महिन्यात लाइन-रोलर कुरकुरायला लागला, तेलाच्या एका थेंबाने गप्प झाला. प्रत्येक रात्रीनंतर ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याने हलकं धुतो, पाइपचा जोराचा फवारा मारत नाही, आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवतो. तारेची कमान मात्र हँडल फिरवून बंद करू नका, हाताने पाडा आणि लाइन एकदा बोटाने ताणून मगच गुंडाळा. ही सवय नव्हती तेव्हा ब्रेडचे सैल वेढे स्पूलवर बसायचे आणि पुढच्या फेकीला गुंत्याचा गोळाच बाहेर यायचा. लाल उजेडात तो सोडवण्यात माझ्या दोन अख्ख्या सुकत्या गेल्या.

रॉडने मार्चमध्ये दगा दिला. चांगल्या फेकी अचानक आखूड पडायला लागल्या, दोन लाइनी तुटल्या, आणि मी हाताला दोष देत राहिलो. घरी टोकाच्या गाइडमधून कापूस फिरवला तेव्हा धागे अडकले. आतली कडी तडकली होती. विकणाऱ्याने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकले. नवं टोक गावातल्या दुकानात बसवून घेतलं, तेव्हापासून ठीक आहे. कापूस आता बॅगेतच असतो.

भरतीचं गणित सेटइतकंच महत्त्वाचं. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरती भरण्याची वेळ ढोबळ मिळते. दशमीला साडेसात येतात, म्हणजे पुढची सगळी सुकती रात्रीत सापडते. पुन्हा अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असल्याने ओढ कमी असते, ल्यूर जिथे पडतो त्याच्या जवळपासच बुडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात 21 ग्रॅमचा ल्यूर बुडेपर्यंत खांब ओलांडून जातो. तेव्हा प्रवाहाच्या वरच्या अंगाला बरंच आधी टाकावं लागतं आणि माझं सत्तावीस मीटरचं माप निम्मं निरुपयोगी ठरतं. मी कृष्ण पक्षातली दशमी-एकादशी धरतो, चंद्र मध्यरात्रीनंतर उशिरा उगवतो.

एप्रिलमधल्या अशाच एका रात्री, साडेदहाच्या सुमारास, टिक लागलं, बोट दाबलं, ल्यूर उतरल्याचा आवाजसुद्धा नीट आला नाही. दोन फेरे गुंडाळले असतील नसतील, तोच खांबामागे 'बुफ्' झालं. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो, त्याचा तो आवाज. ज्याने एकदा ऐकलाय त्याला सांगायला नको. रॉड कमरेतून वाकला. खांबावर कालवं आहेत, ब्रेड घासली की संपलं, म्हणून सुरुवातीलाच दाबून बाहेर काढावा लागला. टॉर्चमध्ये डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकला. चार किलो दोनशे. लीडर 50 पौंडी होता म्हणून टिकला, त्याचा जबडा कानशीसारखा खरखरीत असतो. कल्ल्याचं झाकण तर ब्लेडच आहे, हात घालू नका, ग्रिपर (जबडा धरायचा चिमटा) वापरा. आणि रात्री एकट्याने जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला.

दोन किलोच्या आतले सगळे सोडले. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा लागला तर तोही सोडायचा असं ठरवलंय. अजून तशी वेळ आली नाही.

पुन्हा घ्यायचं झालं तर रॉड आणि रील हेच घेईन, हेडलॅम्प नाही. किनाऱ्यावरून लाटांपलीकडे फेकायचं असेल तर मात्र हा रॉड तोकडा पडेल, त्यांनी घेऊ नये.

सध्या खाडी गढूळ आहे, पाऊसही धरून आहे. उघडीप मिळाली की दिवेलागणीनंतर शाळेच्या मैदानात जातो. सत्तावीस मीटरवर घमेलं ठेवायचं, हूक काढलेला ल्यूर लावायचा, दिवा नाही. घमेल्यात पडलं की टणकन वाजतं. काल वीसपैकी अकरा वाजले.