डोमेन 'फुकट' मिळालं आणि हातचं गेलं

नवीन वेबसाइटसाठी होस्टिंग, म्हणजे तिच्या फाइली ठेवायला भाड्याची जागा, शोधत असाल तर पैसे भरण्याआधी एवढं वाचा. माझी फसवणूक जागेत किंवा वेगात झाली नाही, डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावात झाली. ती पहिल्याच दिवशी झाली होती, पण माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

बाबा आयुष्यभर झाडांच्या नोंदी ठेवत. पान, फूल, फळ, साल, प्रत्येकाचा वेगळा फोटो आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात दोन ओळी. ते गेल्यावर हे सगळं वेबसाइटवर मांडायचं ठरवलं. 'सर्वोत्तम १० होस्टिंग' अशी एक यादी वाचली आणि पहिल्या क्रमांकाची कंपनी घेतली. अशा याद्यांमधल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की यादी करणाऱ्याला बहुतेक वेळा कमिशन मिळतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जागा अमर्याद, बॅकअप रोजचा, डोमेन फुकट आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर दर निम्म्याहून कमी. मी भरले.

दोन वर्षं काही अडलं नाही. मग एक दिवस फोटो चढेना. जागा संपल्याचा संदेश येत होता आणि पॅनेलमध्ये तर जेमतेम काही जीबी वापर दिसत होता. सपोर्टवाला म्हणाला, "मॅडम, तुमचे आयनोड संपलेत." आयनोड म्हणजे ढोबळमानानं फाइलींची संख्या. जागा अमर्याद असली तरी फाइली किती ठेवायच्या याला मर्यादा होती आणि ती अटींच्या पानावर पार तळाशी लिहिलेली होती. माझी वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर होती ते वर्डप्रेस एका मोठ्या फोटोच्या १५०, ३००, ७६८, १०२४ पिक्सेल अशा लहानमोठ्या प्रती आपोआप बनवतं. एका फोटोमागे सात-आठ फाइली सहज होतात. माझे साडेचार हजार फोटो होते, म्हणजे हिशेब तीस हजारांच्या वर गेला. शिवाय मेलबॉक्समधलं एकेक पत्रही मोजलं जातं. त्याच अटींमध्ये पुढचं वाक्य होतं: ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाइली असतील तर त्या खात्याचा बॅकअप घेतला जात नाही. म्हणजे 'रोजचा बॅकअप' माझ्यासाठी केव्हाच बंद झाला होता आणि कुणी कळवलंही नव्हतं.

उपाय एकच सांगितला, महागडा प्लॅन घ्या. त्यातच मुदत संपत आली आणि नूतनीकरणाचा आकडा आला, तो पहिल्या दराच्या कित्येक पट. मी दुसरीकडे जायचं ठरवलं.

होस्टिंग बदलणं तसं अवघड नाही. वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमधून लेख आणि प्रतिक्रियांची फाइल काढली. फोटो त्यात येत नाहीत, पण मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर होते. उरलं होतं फक्त डोमेन. ते एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे न्यायला ऑथ कोड नावाचा एक पासवर्ड लागतो. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार डोमेनधारकानं मागितल्यावर रजिस्ट्रारनं तो ५ दिवसांच्या आत द्यायचा असतो. मी होस्टिंग कंपनीकडे मागितला. उत्तर आलं, "डोमेन आपल्या नावावर नाही."

मला वाटलं, यांचा काहीतरी घोळ झालाय. फॉर्ममध्ये माझं नाव, पत्ता, ईमेल सगळं मी स्वतः भरलं होतं. मग डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या आयकॅनच्या लुकअप पानावर माझं डोमेन टाकून पाहिलं. व्यक्तीचं नाव तिथं सहसा झाकलेलं असतं, पण संस्थेचा रकाना उघडा होता आणि त्यात त्या होस्टिंग कंपनीचं नाव होतं. बाबांच्या आडनावाचं डोमेन, आणि धारक ती कंपनी! खूप वेळ मी त्या एका ओळीकडे बघत बसले.

खूण पहिल्या पंधरवड्यातच मिळायला हवी होती. डॉटकॉमसारखं डोमेन नवीन धारकाच्या नावावर घेतलं की त्याच्या ईमेलची पडताळणी करणारं पत्र येतं आणि १५ दिवसांत ती झाली नाही तर डोमेन थांबवलं जातं. मला असं पत्र आलंच नाही आणि डोमेन मात्र सुरळीत चालू राहिलं. पडताळणी कुणीतरी दुसऱ्यानं केली होती, एवढाच त्याचा अर्थ.

नाव सोडण्यासाठी कंपनीवाल्यांनी मागितलेली रक्कम तीन वर्षांच्या होस्टिंगपेक्षा जास्त होती. पावत्या दाखवल्या, भांडले. पण कागदोपत्री धारक ते होते आणि ज्याचं नाव नोंदीत, त्याचा हक्क. शेवटी मी नवं नाव घेतलं, या वेळी थेट रजिस्ट्रारकडून, होस्टिंगवाल्यापासून पूर्ण वेगळं. पैसे भरल्यावर दहा मिनिटांत लुकअप केला आणि रजिस्ट्रारच्या खात्यात धारक म्हणून माझंच नाव आणि ईमेल आहे ना, हे पाहिलं. तुम्हीही त्याच दिवशी पाहा, उद्यावर टाकू नका. होस्टिंग दर वर्षी बदलता येतं, पण नाव गेलं की लोकांनी जपून ठेवलेल्या सगळ्या लिंक जातात.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. जुन्या डोमेनवर माझा ईमेलही होता. डोमेन ज्याच्या हातात, त्या पत्त्यावर येणारी पत्रंही त्याच्याच हातात, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसकट. बँक, फोन, विमा, जिथं जिथं तो पत्ता दिला होता त्या सगळ्यांची मी एका रात्रीत यादी केली आणि पहाटेपर्यंत एकेक खातं उघडून पत्ता बदलला. सव्वीस खाती निघाली. बाबांच्या वह्या वाचून पत्र लिहिणाऱ्या वाचकांकडे मात्र अजून तो जुनाच पत्ता आहे.