तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम: स्पीकर वायर घेणाऱ्यांनो, सावध!

‘१४ गेज, १०० टक्के ओएफसी (ऑक्सिजनमुक्त शुद्ध तांबं), ३० मीटर’ असं छापलेल्या स्पीकर वायरच्या रिळाला २,३४० रुपये मोजले. आत निघालं तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, म्हणजे सीसीए. तेही १४ गेजचं नाही आणि लांबीही ३० मीटर नाही, २६.४ मीटर. तीन खोट्या गोष्टी एकाच रिळावर छापून राजरोस विकल्या जातात, याचा संताप होतो.

‘स्वस्ताला भुललात’ असं कुणी म्हणू नये. मीटरला ७८ रुपये हा दर शंका यावी इतका पडेल नव्हताच. डाव तिथेच आहे: माल ॲल्युमिनियमचा, भाव तांब्याचा.

शंका यायला हवी होती ती रीळ हातात घेतलं तेव्हा. गेज हे तारेच्या जाडीचं माप, आकडा वाढला की तार बारीक; १४ गेज म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ २.०८ चौरस मिलिमीटर. तांब्याची घनता घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, म्हणजे एका तारेचं मीटरला साडेअठरा ग्रॅम तांबं, वायरीतल्या दोन तारांच्या जोडीचं ३७ ग्रॅम. ३० मीटरचं नुसतं तांबंच १,१०० ग्रॅमच्या वर भरायला हवं, प्लास्टिक वेगळं. हे रीळ प्लास्टिकसकट पाऊण किलोचं! हा हिशोब काउंटरवर दोन मिनिटांत झाला असता. पण लक्ष होतं कापलेल्या टोकाकडे, आणि टोक छान तांबूस दिसत होतं. त्यात पारदर्शक गोल आवरण भिंगासारखं काम करतं, आतली तार आहे त्याहून जाड दिसते. दुकानात तराजू होता. तो मागितला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं, हे राहून राहून टोचतं.

आवरण सोललं तर ०.१० मिलिमीटरचे १०० धागे. क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम १८ गेज. त्यात सीसीएचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार लागते. खऱ्या १४ गेज तांब्यात तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम, या वायरीत ०.७०. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा साधा नियम आहे. ८ ओहमला ०.४, ४ ओहमला ०.२. ही वायर दोन्हीकडे नापास. ४ ओहमच्या स्पीकरवर जवळजवळ दीड डेसिबल आवाज वायरीतच जातो. शिवाय स्पीकरचा ओहम प्रत्येक स्वराला वेगळा असल्याने आवाजाचा तोलही बदलतो आणि बास सैल पडतो.

पारख अशी करा. धागा ब्लेडने खरवडा: आत पांढरट निघालं तर ॲल्युमिनियम. कथील चढवलेल्या तांब्यात उलटं असतं, वर पांढरं आणि आत तांबडं. त्याला नावं ठेवू नका. काडेपेटीच्या ज्योतीत ॲल्युमिनियमचा धागा वितळून आकसतो, तांबं काळं पडून तसंच राहतं. चुंबकाने काही कळत नाही, दोन्ही धातू चिकटत नाहीत; फार तर मुलामा दिलेलं पोलाद पकडता येईल. साध्या मल्टिमीटरने ०.२ ओहम मोजायला जाऊ नका, त्याच्या पिनांचाच रोध तेवढा असतो. १२ व्होल्टचा सप्लाय आणि १२ ओहम, २० वॉटचा रेझिस्टर तारेला एकसरीत जोडून तारेतून सुमारे १ अँपिअर सोडा आणि तारेच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजा. १७० मिलिव्होल्ट म्हणजे ०.१७ ओहम. रेझिस्टर तापतो, हात लावू नका.

दुकानदाराचं उत्तर: “वरून माल असाच येतो, सगळे हाच विकतात.” पावती मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, दुकानाकडे पाठवली, आणि दुकानाने उत्तर दिलं नाही म्हणून ‘निकाली’ काढली! वजनमापांच्या कार्यालयात सांगितलं, लांबीचं आम्ही बघू, धातूचं नाही. आणि लांबीसाठी सीलबंद रीळ आणा. सील न तोडता आतली लांबी कळणार कशी, यावर कुणी बोलायला तयार नाही. पोलीस ठाण्यात रक्कम ऐकूनच “ग्राहक मंचात जा”. रिळावर पॅक करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. पाकीटबंद मालावर हे छापणं २०११च्या नियमांनी सक्तीचं आहे. मग असा माल बाजारात उघड लटकतो कसा? तपासायला कुणीच का जात नाही? २,३४० रुपये लहान वाटतात, पण अशी किती रिळं रोज विकली जात असतील!

पावती न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत न घेणंही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. पैसे यूपीआयनेच द्या. पावतीवर ‘शुद्ध तांबं, इतके चौरस मिलिमीटर’ लिहून घ्या; दुकानदार कचरला तर तिथूनच उठा. जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही.

आणि मुळात ‘स्पीकर वायर’ हे नाव छापलेलं रीळच कशाला? आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ (वायरींचं भारतीय मानक) छापलेली तांब्याची घरगुती वायरिंगची तार घ्या, लाल आणि काळी. ८ ओहमला १० मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर पुरते (२० मीटरला सुमारे ०.२७ ओहम). ४ ओहमला अडीच घ्या. दोन्ही तारा हलक्या पिळून न्या. स्क्रूच्या टर्मिनलखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका, दाबाखाली ते बसतं आणि पकड ढिली होते; क्रिंप फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची छोटी नळी, लावा.

सीसीएचं रीळ घरात पडलं असेल तर एक्स्टेंशन बोर्डाला अजिबात लावू नका. छापलेल्या १४ गेजवर विसंबून गीझर किंवा इस्त्री जोडली तर ०.७८५ची ॲल्युमिनियमची तार तापून आवरण वितळू शकतं.