मॅन पेज की टीएलडीआर?

टर्मिनलवर ‘टार’ची, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधणाऱ्या कमांडची, फाईल उघडायची आहे आणि कमांडला नेमकं कोणतं अक्षर द्यायचं तेच आठवत नाही. ‘मॅन टार’ केलं की मॅन पेज, म्हणजे त्या कमांडचं सविस्तर मॅन्युअल उघडतं आणि पानंच्या पानं समोर येतात. १९७१च्या युनिक्स मॅन्युअलपासून चालत आलेली ही पद्धत, बारीकसारीक ऑप्शनचीही नोंद ठेवणारी. टीएलडीआर हे कमांडची थोडक्यात मदत देणारं टूल; ‘टीएलडीआर टार’ मोजकीच उदाहरणं देतं: वर एका ओळीत काम, खाली तयार कमांड. घाईत मला हेच हवं असतं.

पण ‘आरसिंक’ या फाईली कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये सोर्सच्या, म्हणजे ज्यातून कॉपी करायचं त्या फोल्डरच्या नावाच्या, शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलंच कॉपी होतं, नाही दिली तर अख्खा फोल्डर जातो. असं का, ते मॅन पेजच नीट समजावतं. फक्त मॅन पेजमधली उदाहरणं तळाशी ढकललेली नसावीत, एवढंच टूल लिहिणाऱ्यांकडे मागणं.